किराईत, शून्य पॉइंट अडतीस

ज्ञानेश्वरी माझी बहीण. सख्खी, धाकटी, नऊ वर्षांनी लहान. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ऐकाल त्यावरून ती तुम्हाला माझी बहीण वाटायची नाही, बांधावरून दावा लावलेली भाऊबंद वाटेल.

तिला घडवली मी. बाबा मुंबईला, घरी यायचे शिमग्याला आणि गणपतीला, म्हणजे घरचा कारभारी मीच. शाळा सड्यापलीकडे, कातळाचा माळ ओलांडून. पावसात व्हाळाला पाणी आलं की तिला खांद्यावर बसवून पलीकडे सोडायचो आणि स्वतः अलीकडेच थांबायचो. माझं शिक्षण राहिलं ते त्यामुळे. आई सांगते की ते गणितामुळे राहिलं, दोनदा. आई काहीही बोलते.

ती मात्र एम.एस्सी. झाली, केमिस्ट्रीत. वाडीत पहिली. तालुक्यात कितवी ते मी बघितलं नाही, पण पहिलीच धरा. हे 'धरा' तिच्यासमोर बोलायची सोय नाही. लगेच विचारणार, कशावरून धरायचं?

रत्नागिरीला एमआयडीसीत झाडपाल्याचा अर्क काढायची एक कंपनी आहे, तिथल्या लॅबमध्ये ती कामाला. मी वाडीत सांगितलं की ज्ञानू केमिस्ट झाली. दुसऱ्या शनिवारी ती घरी आली तर पडवीत रांग. कुणाला खोकल्याचं औषध, कुणाला गुडघ्याची पट्टी. आमचा शेजारी बाबल्या बकरी घेऊन आलेला, तिला जंत झालेले. ज्ञानूने सगळ्यांना समजावून सांगितलं की मी औषध देत नाही, औषधात औषध किती आहे ते मोजते. बाबल्या बकरीचं दावं सोडून निघताना मला बोलला, "एवढी शिकवलीस, आणि मोजायलाच बसवलीस?"

त्याचं चुकलं नाही. पोरगी मोजण्यातून बाहेरच येत नाही. आई सांगते, दोन वाट्या तांदूळ काढ, तर ही विचारते कुठली वाटी. आईला ताप आला की तीनदा थर्मामीटर लावते, तिन्ही आकडे कागदावर लिहिते, बेरीज करून तीनने भागते, आणि मग जाहीर करते की ताप आहे. मी कपाळाला हात लावून ते आधीच सांगितलेलं असतं. माझा हात ती धरत नाही.

तिची ती मशीन मी बघितली आहे. आमच्या वाडीत बघितलेला मी एकटा. चपला काढायच्या, पायात प्लास्टिकच्या टोप्या घालायच्या, कशाला टेकायचं नाही. मी टेकलो तर हाताला धरून बाजूला केलं, थोरल्या भावाला. मशीन दिसायला काही नाही, एकावर एक ठेवलेले चार पांढरे डबे, वर पाण्याच्या आणि मिथेनॉलच्या बाटल्या. पण आतली करामत सांगतो. तिने मला अर्धा तास सांगितली होती, मी तुम्हाला दोन मिनिटांत सांगतो, ह्यावरून कोण हुशार ते ठरवा.

लांज्याहून शेवटची एसटी आमच्या फाट्यावर येते. सगळी माणसं एकदम उतरतात. तिथून देवळापर्यंत चाळीस घरं. मी कुणाकडे बघत नाही, सरळ चालतो, पहिला पोचतो. बाबल्या दर पडवीत टेकतो, इथे पान, तिथे चहा, तो पोचतो दिवे लागल्यावर. आता तुम्ही देवळात डोळे मिटून बसा आणि नुसतं घड्याळ ठेवा. कोण आला ते तोंड न बघता सांगाल. मशीनमध्ये हेच चालतं. वीतभर स्टीलची नळी, आत पिठाहून बारीक भुकटी ठासलेली. अर्काचा थेंब एका टोकाला सोडायचा, मागून पंपाने पाणी आणि मिथेनॉल रेटायचं. अर्कात जे जे आहे ते सगळं एकदम निघतं, पण कोण भुकटीत रेंगाळतं, कोण सुटतं. नळीच्या दुसऱ्या तोंडाशी दिवा आहे. त्याच्यासमोरून कोण गेलं की पडद्यावर डोंगर उठतो. किराईत म्हणजे आमच्याकडचं तापावरचं कडू झाड, त्यातलं जे औषध तो आपला माणूस, सात मिनिटं वीस सेकंदांनी येतो. अँड्रोग्राफोलाइड. मी एका दमात बोलतो हे नाव, बाबल्याला अजून जमत नाही. तेच अँड्रोग्राफोलाइड शुद्ध असं करंगळीएवढ्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवलेलं असतं. त्याचा डोंगर आधी काढून ठेवायचा, आणि आपला डोंगर त्याच्याशी ताडायचा. जेवढा मोठा डोंगर तेवढा माल.

मी तिला बोललो, एवढ्यासाठी वीज जाळता? जिभेवर ठेव, कडू लागलं की आहे. माझ्या जिभेला किराईत लांबून कळतं.

"दादा," ती बोलली, "जीभ आहे की नाही तेवढं सांगते. किती ते नाही सांगत."

तेव्हा मी हसलो होतो.

आता किराईत आमच्याकडे कुणाला नवीन आहे? काजूच्या बागांत उगवतं, बांधावर उगवतं. दसऱ्याच्या सुमाराला उपटायचं, मूठभर जुडी बांधायची आणि पडवीच्या वाशाला खोचून ठेवायची. वर्षभर ताप आला, पोट बिघडलं की त्यातल्या चार काड्या मोडून उकळायच्या. लहानपणी तो काढा पाजताना आजी माझे हात धरायची, बाबल्याची आजी त्याचे पाय. कंपनी हेच किराईत लांबून कुठूनतरी व्यापाऱ्याकडून घ्यायची. ज्ञानूने साहेबांच्या कानावर घातलं की आमच्या गावात हे पायाखाली असतं. साहेब बोलले, आणा. अट एकच, शंभर ग्रॅम मालात दीड ग्रॅम अँड्रोग्राफोलाइड पाहिजे. बसलं तर दरवर्षी तुमच्याच गावाचा माल, नाही बसलं तर परत विचारायचं नाही.

हे काम माझ्याशिवाय कोण करणार होतं? देवळात सभा घेतली. वीस घरं तयार झाली. कुणीतरी शंका काढली की माल बसेल ना. मी छातीवर हात मारून बोललो, मशीनवर बसलीय कोण? माझी बहीण. हे मी बोललो, आणि माईकवर बोललो. गणपतीतला माईक देवळात तसाच होता.

मग मी माल एक्सपोर्टसारखा करायचं ठरवलं. व्यापारी पाचोळा देतात तसा आपण द्यायचा नाही. बायकांना सांगितलं, सावलीत वाळवा आणि पानं एकूण एक झाडून टाका, मला फक्त काडी द्या, स्वच्छ, सरळ, सारख्या उंचीची. पानांचं काय करायचं विचारलं तर सांगितलं, शेणकीत टाका, खत होईल. आई एकदा बोलली, "पानं का रे काढायची?" मी बोललो, तुला एक्सपोर्टमधलं काय कळतं. ती बोलली, "बरं." बाकीच्या बायकाही बोलल्या, "बरं." आमच्याकडे बाई 'बरं' बोलली की काम झालं, असं मी तेव्हा समजायचो.

माल काय झाला होता म्हणून सांगू. काडीन् काडी चकाकत होती, जुड्या अशा की देव्हाऱ्यात ठेवाव्यात. दिवाळीच्या आदल्या दिवशी माझ्या टेम्पोत वीस घरांची पोती भरली, पुढे झेंडूची माळ घातली आणि नऊला कंपनीच्या गेटवर हजर.

गेटवर एक माणूस. त्याने प्रत्येक पोत्याच्या तोंडातून, मधून आणि तळातून मूठमूठ काढली, सगळं दळून एकत्र केलं, पिशवीत भरलं आणि पिशवीवर नंबर टाकला. मी बोललो, नाव घाल, आत बहीण आहे माझी. तो बोलला, म्हणूनच नाव नसतं. त्या दिवशी अशा चार पिशव्या आत गेल्या. मी लॅबच्या काचेशी गेलो. आत ज्ञानू पांढऱ्या कोटात, डोळ्यांना चष्मा, काट्यावर वजन करत होती. मी काचेवर टकटक केलं आणि खुणेने सांगितलं, डावीकडून दुसरी पिशवी आपली. तिने माझ्याकडे बघितलं, उठली, आणि पडदा ओढला.

तोंडावर. राजश्री म्हणून तिच्याबरोबर एक मुलगी कामाला आहे, ती आतून हसल्याचं मला ऐकू आलं.

तीन वाजेपर्यंत मी बाकड्यावर. तीनला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. गुरुप्रसाद साहेब माणूस गोड. इतका गोड की शेजारी जास्त वेळ बसलं तर मुंग्या लागतील. मागे भिंतीवर डिगऱ्यांच्या फ्रेमा, टेबलावर काजू. ज्ञानू कागद घेऊन उभी होती. आता तिला कळलेलं होतं की तो नंबर कुणाचा.

"किती?" मी विचारलं.

"शून्य पॉइंट अडतीस."

मी बोललो, टिंब सरकलं असेल कुठेतरी. ती बोलली, तीनदा लावलंय, तिन्ही वेळा तेच. पाहिजे होतं दीड, आणि आमचं अर्ध्याच्याही खाली. मला पहिल्यांदा आठवला तो माईक.

साहेब मला काजू देऊन ज्ञानूशी गोड गोड बोलू लागले. मॅडम, सणाचे दिवस. तुमचे सख्खे भाऊ आहेत, वीस घरांचा प्रश्न आहे. आपल्याकडे मागचा लॉट पडलाय तो चांगला दोनच्या वर आहे, त्यात हे मिसळून जाईल, पुढे कुणाला कळणारसुद्धा नाही. कागदावर दीड लिहा आणि सही करा. साहेबांना आमचा कळवळा आला होता असं समजू नका. त्यांना महिनाअखेरीची ऑर्डर भरायची होती आणि माल कमी पडत होता, हे मला गेटवरच्या माणसाने सकाळीच सांगितलेलं. पण मला त्या वेळी साहेब देवासारखे वाटले. खोटं कशाला बोलू?

"लिही गो," मी बोललो. "साहेब स्वतः सांगतायत."

तिने साहेबांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"दादा, रेशनच्या दुकानात तू मला कुठे उभी करायचास?"

हे काय मधेच, मला कळेना. साहेबांनाही कळेना, ते काजू खात हसत होते. "काट्यासमोर," मी बोललो.

"आणि काय बघायला सांगायचास?"

आमच्या रेशनवाल्याचा अंगठा जड होता. तांदूळ जोखताना पारड्याच्या कडेला असा हळूच टेकायचा. मी मोठा, माझ्यासमोर तो सावध असायचा. म्हणून मी हिला पुढे करायचो. हिचं नाक बरोबर पारड्याच्या उंचीला यायचं. पोरीकडे कोण लक्ष देतो?

"काटा बघू नको, अंगठा बघ, असं सांगायचास," ती बोलली. "हा काटा माझा आहे. इथे अंगठा लावायला तूच सांगतोस?"

आणि तिने शून्य पॉइंट अडतीसखाली सही केली, तारीख घातली, वेळसुद्धा घातली, आणि कागद साहेबांपुढे सरकवला. साहेबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, बाकीचा चेहरा मात्र निघून गेला. खाली त्यांचीही सही लागते. आकडा नोंदून झालेला, मशीन खोडत नाही, आणि केबिनच्या दारात राजश्री फाइल घेऊन येऊन उभी. केली सही. काजूची बशी मात्र माझ्यासमोरून उचलली.

बाहेर येऊन ज्ञानूने टेम्पोतलं एक पोतं सोडलं. आत हात घातला. एक जुडी काढली, उलटसुलट केली. मला वाटलं, आता तरी मालाची तारीफ करेल.

"पानं कुठायत?"

"एक नाही," मी बोललो. "शोधून दाखव."

ती पोत्यावरच बसली. मला वाटलं रडते, तर ही हसत होती. खांदे हलवून हसत होती. मग डोळे पुसून बोलली, "दादा, सगळं पानात असतं रे. काडीत फक्त वास राहिलाय."

परत येताना टेम्पोत मी भांडलो. आजीने काडीच उकळली, तिच्या आजीनेही काडीच, आणि आम्ही सगळे जगलो. पालीपर्यंत तिने मला भांडू दिलं. मग बोलली की जुडी वर्षभर वाशाला टांगलेली असायची, ना? पहिल्या दोन महिन्यांत पानं आपोआप गळून केरात जायची. उरायची काडी. जे उरलं ते उकळलं, कडू लागलं, म्हणून आपल्याला वाटलं काडी हेच औषध. मी बोललो, म्हणजे आजी चुकली? ती बोलली, आजीने जुडी निदान पानांसकट टांगली होती. पुढे लांज्यापर्यंत मी हॉर्न वाजवत आलो, रस्त्यात कोण नसतानाही.

वाडीत शिरलो तेव्हा ऊन कलतं होतं. देवळासमोर पोती उतरवायला लागलो तशी माणसं जमली. माळ अजून टेम्पोला तशीच.

"काय रे विनोद," बाबल्या मला बोलला, "मशीन बंद पडली काय?"

आता इथे मी काहीही सांगू शकलो असतो. साहेब बदलले, लाइट गेली, रत्नागिरीला लाइट जातेच. पण ज्ञानू पलीकडे उभी होती, आणि तिचं नाक आता माझ्या खांद्याला येतं.

"मशीन चालू आहे," मी बोललो. "माल नापास झाला. मी पानं झाडायला लावली, ती चूक. आणि नापास केलं ते ज्ञानूने. साहेब दीड लिही बोलला तरी नाही लिहिलं. सख्ख्या भावाला नापास केलं. अख्ख्या तालुक्यात दाखवा कुणाची बहीण अशी."

हे मी माईकशिवाय बोललो, तरी वरच्या आळीपर्यंत ऐकू गेलं. बाबल्या हसला, दोघंतिघं हसले. बायका मात्र हसल्या नाहीत. एकमेकींकडे बघत होत्या. मला वाटलं, माझी कीव करतायत. आईसुद्धा माझ्याकडे न बघता घरात गेली.

दुसऱ्या दिवशी चावदिस, दिवाळीची पहिली आंघोळ. उटणं लावून आंघोळी झाल्या, तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं, त्याचा कडू रस जिभेला लावला. ज्ञानूने लावला, मीही लावला. मला त्या दिवशी तो वेगळा कडू लागला नाही, आदल्या दिवसापासून तोंडाची चव तीच होती. आईने नव्या भाताचे पोहे वाढले. मी दुसऱ्यांदा ताटली पुढे करतो तोच दारापुढच्या खळ्यात गोदूबाई. खालच्या घरातली, वाडीत सगळ्यात म्हातारी. काखेत गाठोडं.

"ज्ञानू, ही घे बाय," ती बोलली, आणि गाठोडं सोडलं. आत किराईताची पानं. सुकी, हिरवी, एक किडलेलं नाही.

मी बोललो, गोदूआते, मी शेणकीत टाकायला सांगितली होती.

"सांगितली होतीस," ती बोलली. "औषध कोण शेणकीत टाकतो रे मेल्या?"

तिच्यामागून वरच्या आळीतली एक आली, डबा घेऊन. मग आणखी दोघी, एकीकडे उशीचा अभ्रा, दुसरीकडे दुधाची किटली. साडेआठपर्यंत पडवीत बसायला जागा नव्हती. शेवटी आई उठली, माळ्यावर चढली आणि पत्र्याचा डबा खाली घेऊन आली. माझ्या घरातला, माझ्या डोक्यावर दोन आठवडे ठेवलेला.

"तू 'बरं' बोलली होतीस," मी बोललो.

"बरंच बोलले ना," आई बोलली. "टाकते असं कुठे बोलले?"

ज्ञानूने पोहे बाजूला ठेवले आणि वही काढली. माझ्या शब्दाला वाडीत किती किंमत आहे ते त्या सकाळी मोजलं गेलं. वीस घरांपैकी एकोणीस घरांतून पानं आली. विसावं घर बाबल्याचं. तो हात हलवत आला आणि ओट्यावर बसला.

"मी टाकली," तो बोलला. "तू सांगितलंस ना."

चाळीस वर्षं मी ज्याला नावं ठेवतो, माझं ऐकणारा गावात तो एकटा. मी त्याला माझी ताटली दिली.

ज्ञानूने सगळ्यांना सांगून टाकलं की पास होईलच असं काही नाही, साहेब परत घेतील की नाही तेही माहीत नाही, पण पानांचा वेगळा लॉट म्हणून ती लेखी विचारणार. आणि मशीनवर ह्या वेळी ती बसणार नाही, राजश्री बसेल. मी बोललो, मग बहीण तिथे असून उपयोग काय? एकोणीस बायकांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी बाबल्यासाठी पोह्यांवरचं खोबरं मागितलं.

मग तिने मला पेन दिलं. प्रत्येक घरची मूठभर पानं वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव नाही, नुसता नंबर. कुठला नंबर कुणाचा ते तिच्या वहीत. मी एक ते एकोणीस घातले, अक्षर माझं चांगलं आहे, दहावीला सर्वांत जास्त मार्क मला मराठीतच होते. सतरा घालत होतो तेव्हा बाबल्या तोंडातला पोहा सांभाळत वाकून बघायला लागला.

"ह्यात तुझी कुठली रे?"

"ते तुला कशाला पाहिजे?" मी बोललो, आणि पिशव्यांवर गोणपाट ओढलं.